कोळसा आणि रंग : नगर जिल्ह्यातील एका जुन्या प्रश्नाचा मागोवा

चंचुपात्रात निळेशार पाणी घ्यायचे. त्यात चिमूटभर काळी पूड टाकून अर्धा तास ढवळायचे आणि मग गाळणकागदातून गाळायचे. खाली उतरते ते पाणी नितळ असते. नगर जिल्ह्यातल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग चांगला परिचयाचा आहे. निळा रंग मिथिलीन ब्ल्यूचा आणि काळी पूड म्हणजे सक्रिय कोळसा. कधी तो ज्वारीच्या धसकटांचा असतो, कधी उसाच्या चिपाडांचा, कधी भुईमुगाच्या टरफलांचा, तर कधी डाळिंबाच्या सालींचा. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पात हा विषय दरवर्षी कुणीतरी घेतोच. अहवालाचे शेवटचे वाक्यही जवळजवळ ठरलेले असते. शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून बनवलेला हा स्वस्त कोळसा कापड उद्योगातील रंगीत सांडपाण्याच्या शुद्धीकरणासाठी उपयुक्त ठरेल, असे त्यात लिहिलेले असते.

अशा अहवालांवर मीही अनेक वर्षे सह्या केल्या. निवृत्तीनंतर एकदा जुनी बाडे चाळताना दोन साधे प्रश्न मनात आले, जे विद्यार्थ्यांना विचारायला हवे होते आणि मी विचारले नव्हते. आपल्या जिल्ह्यात रंगीत पाणी नेमके कुठले? आणि आपण ज्याला टाकाऊ म्हणतो ते खरोखर टाकाऊ आहे का? या दोन प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेत मिळण्यासारखी नव्हती. त्यासाठी गुऱ्हाळांपर्यंत, मागांपर्यंत आणि कालव्यांपर्यंत मागे जावे लागले. प्रस्तुत लेख त्या शोधाचा आहे.

हाडांचा कोळसा आणि गुळाची भेंडी

कोळसा रंग खातो हे आधुनिक रसायनशास्त्राच्या ध्यानात आले ते १७८५ साली. सेंट पीटर्सबर्गमधला औषधे बनवणारा टोबियास लोविट्झ टार्टारिक आम्लाचे स्फटिक काढत होता. द्रावण सारखे तपकिरी पडे. त्यात कोळशाची पूड गेली आणि रंग नाहीसा झाला. पुढे त्याने नासके पाणीही कोळशाने गोडे करून दाखवले. लांबच्या सफरीवर पिंपांतले पाणी कुजण्याचा त्रास दर्यावर्दी लोकांना नेहमीचा, त्यामुळे हा शोध त्यांच्या कामाचा होता. आपल्याकडे आजीच्या काळात एकावर एक मडकी रचून मधल्या मडक्यात वाळू आणि कोळसा भरीत, त्यामागचे तत्त्व हेच. गढूळ पाण्यासाठी निवळीचे बी उगाळून लावीत ते मात्र वेगळे. निवळी गाळ खाली बसवते, विरघळलेल्या रंगाला ती काही करू शकत नाही.

कोळसा रंग कसा धरून ठेवतो, हे नगरच्या शेतकऱ्याला गुंठ्यांच्या हिशोबात सांगितले की चटकन कळते. कोळशाच्या कणात डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोके असतात आणि त्या भोकांच्या भिंती हेच त्याचे रान. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या आसपास भरते. म्हणजे एका ग्रॅमला दहा गुंठे आणि चार ग्रॅमला एक एकर! रंगाचे रेणू पाण्यातून येऊन या भिंतींना चिकटतात. याला अधिशोषण म्हणतात. रंग येथे नष्ट होत नाही, त्याची फक्त जागा बदलते. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

साधा चुलीतला कोळसा आणि सक्रिय कोळसा यांत फरक या भोकांचाच. काडीकचरा हवेचा शिरकाव होऊ न देता तापवला की त्यातली वाफ, धूर आणि डांबर निघून जाते आणि कोळसा उरतो. पण भोके अर्धवट बुजलेली असतात. ती मोकळी करायला तो आठशे-नऊशे अंश सेल्सिअसवर पाण्याच्या वाफेत तापवावा लागतो, किंवा कच्चा माल आधी फॉस्फोरिक आम्ल वा झिंक क्लोराईडमध्ये भिजवून थोड्या कमी तापमानाला भाजावा लागतो. वाफेच्या रीतीची पेटंटे विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी राफाएल फॉन ओस्त्रेयको याने घेतली आणि युरोपात असा कोळसा कारखान्यांतून निघू लागला. त्याचे पहिले मोठे गिऱ्हाईक होते साखर शुद्ध करणारे कारखानदार.

साखरेचा आणि कोळशाचा संबंध त्याही आधीचा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये उसाच्या पाकातला रंग काढायला लाकडी कोळसा वापरू लागले. १८११ साली फिगिए या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, हाडे भाजून केलेला कोळसा याहून सरस आहे. नेपोलियनच्या युद्धांमुळे फ्रान्समध्ये वसाहतींची साखर येईनाशी झाली होती, बीटाची साखर नव्याने निघत होती आणि तिचा रंग व वास घालवणे निकडीचे होते. हाडांचा कोळसा तेथे रुजला आणि पुढची शंभर वर्षे जगातली पांढरीशुभ्र साखर बव्हंशी त्यातूनच गाळून निघाली.

आपल्याकडे या गोष्टीला वेगळेच वळण मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा-मॉरिशसची उसाची आणि जर्मनी-ऑस्ट्रियाची बीटाची साखर मुंबई बंदरात येऊन पडू लागली. युरोपातल्या सरकारांनी बीट साखरेला दिलेल्या बक्षिसांमुळे ती इतकी स्वस्त होती की, १८९९ मध्ये कर्झनच्या सरकारला तिच्यावर जादा जकात बसवावी लागली. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या चळवळीत या परदेशी साखरेविरुद्ध सर्वांत परिणामकारक ठरलेला मुद्दा अर्थशास्त्राचा नव्हता. ही साखर हाडांतून गाळतात, हा होता. गावोगावच्या सभांत परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरेचीही शपथ घेतली गेली. रसायनशास्त्रातल्या एका गाळणीने राजकारणात एवढी जागा मिळवल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

त्या काळी नगर जिल्ह्यातला ऊस घाण्यातून चुलवणावर जाई. काहिलीत रस उकळू लागला की गुळव्या त्यात ठेचलेल्या भेंडीच्या झाडाचा चिकट रस सोडी. त्या चिकट्याने रसातला गाळ फेसाबरोबर वर येई. त्याला मळी म्हणतात. ती झाऱ्याने काढून टाकायची. गुळव्याचे सारे कसब मळी वेळेवर काढण्यात आणि चुलवणाचा जाळ बेतात ठेवण्यात असे. कारण गुळाला काळेपणा येतो तो नुसत्या गाळाने नव्हे. साखर आणि रसातली नत्रयुक्त द्रव्ये उष्णतेने एकमेकांशी संयोग पावतात आणि तांबूस-काळी द्रव्ये तयार होतात. भाकरी भाजताना पापुद्र्याला जो रंग चढतो तोही असाच. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार याने १९१२ मध्ये या प्रक्रियेचे वर्णन केले आणि तिला त्याचे नाव मिळाले. या रंगद्रव्यांना मेलॅनॉइडिन म्हणतात. त्यांच्याशी आपली गाठ पुन्हा पडेल, आणि तेव्हा ती इतकी गोड नसेल.

भेंडीने गाळ निघे, पण विरघळलेला रंग निघत नसे. तो काढण्यासाठी स्वातंत्र्यापूर्वीच मद्रास इलाख्यात भाताच्या तुसाचा कोळसा करून त्यातून गुळाचा रस गाळण्याचे प्रयोग झाले. शेतातल्या टाकाऊ मालाच्या कोळशाने रंग काढणे ही कल्पना म्हणजे गेल्या तीस-चाळीस वर्षांतली नवलाई नाही, हे ध्यानात यावे म्हणून हा उल्लेख केला. हाडांच्या कोळशाला येथे जी हरकत होती ती तुसाच्या कोळशाला नव्हती, हीही त्यातली एक सोय.

मग कालवे आले. प्रवरेवर ओझरच्या बंधाऱ्यातून डावा आणि उजवा कालवा निघाला, वर भंडारदऱ्याला धरण बांधले गेले आणि १९२६ च्या डिसेंबरात गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ज्वारी-बाजरीच्या दुष्काळी पट्ट्यात बारमाही पाणी खेळू लागले. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना त्याच दशकात उभा राहिला. १९३२ मध्ये देशी साखरेला संरक्षण देणारा कायदा झाला आणि १९३३ मध्ये टिळकनगरला दहाणूकरांची महाराष्ट्र शुगर मिल्स निघाली. गोदावरीच्या बाजूला साकरवाडी-लक्ष्मीवाडी येथे सोमय्यांचे कारखाने निघाले. स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणले, धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले, १९४८ मध्ये लोणीच्या प्रवरा सहकारी कारखान्याची नोंदणी झाली आणि १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम पार पडला. हा इतिहास महाराष्ट्राला पाठ आहे. त्याविषयी अधिक लिहायला नको.

आपल्या विषयाशी संबंध आहे तो एवढाच की, या कारखान्यांनी हाडांचा कोळसा वापरला नाही आणि वनस्पतीचाही वापरला नाही. त्यांनी चुना आणि गंधकाचा धूर वापरला. रसात चुन्याची निवळी आणि सल्फर डायऑक्साईड सोडतात, गाळ बसतो आणि रंग फिका पडतो. त्याला सल्फिटेशन म्हणतात. ही रीत स्वस्त आहे, सोवळ्या-ओवळ्याच्या दृष्टीने निर्धोक आहे, पण तीत रंग निघून जात नाही, त्याचा बराचसा भाग नुसता दबतो. म्हणून अशी साखर पोत्यात वर्षभर राहिली की पिवळसर पडते. आणि जो रंग साखरेत गेला नाही तो कुठे गेला? तो मळीत गेला. येथे मळी शब्दाचा अर्थ बदलतो. गुऱ्हाळात मळी म्हणजे फेस, कारखान्यात मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेला काळा, घट्ट द्रव. रंगाचा हिशोब तेव्हापासून या दुसऱ्या मळीच्या खात्यावर मांडला जाऊ लागला.

निराळ्यांची निळी पिंपे

आता कापडाकडे वळू, कारण विद्यार्थ्यांचे अहवाल कापडाच्याच नावाने लिहिलेले असतात.

अहमदनगर हे मागांचे शहर होते, हे आज नव्या पिढीला सांगावे लागते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नगरला वाहिलेला सतरावा खंड १८८४ साली निघाला. त्यात लुगडी विणण्याचा धंदा हा जिल्ह्याचा प्रमुख उद्योग म्हणून नोंदला आहे. साळी, कोष्टी, मोमीन आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली यांचे माग नगरात आणि भिंगारात चालत. संगमनेरलाही विणकर होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधल्या डी. सी. चर्चिल या अभियंता मिशनऱ्याने हातमागात सुधारणा केली आणि 'चर्चिलचा माग' त्या वेळी देशभरच्या हातमाग प्रदर्शनांत गाजला. विणकरांबरोबर रंगवणारेही आले. त्यांत निळीचे काम करणारे ते निराळी. काही ठिकाणी त्यांना निळारी म्हणतात. तांबडा आणि इतर रंग रंगाऱ्यांकडे.

निळीचे रसायन मोठे गमतीचे आहे. नीळ पाण्यात विरघळतच नाही. ती विरघळावी म्हणून जमिनीत पुरलेल्या पिंपात चुना, सज्जीखार आणि आंबण्यासाठी गूळ किंवा टाकळ्याचे बी घालून दिवसचे दिवस ठेवीत. पिंप आंबले की निळीचे पिवळट-हिरव्या विद्राव्य रूपात परिवर्तन होई. सूत त्यात बुडवून वर काढले की हवेच्या संपर्काने ते पाहता पाहता निळे होई आणि रंग धाग्यातच अडके. म्हणजे निराळ्याच्या पिंपातही गूळ आणि गुळाच्या काहिलीतही रंगाचाच प्रश्न. एक जण रंग धाग्यात बसवण्यासाठी झटत होता आणि दुसरा रसातून काढण्यासाठी.

जुने रंगारी पाणी घाण करीतच नव्हते, असे काही लेखक लिहितात. ते मला पटत नाही. चुना, तुरटी, आलाच्या मुळांचा काढा, तेलाचा आणि शेणाचा वापर, हे सगळे शेवटी ओढ्यालाच जाई. फरक होता तो प्रमाणाचा. शिवाय त्यातली बरीच द्रव्ये जमिनीत कुजून जात.

कुजत नाहीत असे रंग आले ते युरोपातून. १८५६ मध्ये विल्यम पर्किनने डांबरापासून जांभळा रंग केला, १८६९ मध्ये अलिझरीन निघाले आणि आलाच्या मुळांचा व्यापार बसला. १८७६ मध्ये हाइनरिश कारो याने मिथिलीन ब्ल्यू बनवला. आपल्या प्रयोगशाळेतला तोच हा. १८८० च्या दशकात काँगो रेड बाजारात आला. तो कापडाला तुरटी-बिरटी काही न लावता सरळ चढे. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ विक्रीला काढली आणि दहा-पंधरा वर्षांत हिंदुस्थानातली निळीची शेती मोडकळीला आली. निराळ्यांचे काम त्याच सुमारास हातचे गेले. पिंप आंबवण्याची कला शिकण्यापेक्षा पुडीतला रंग कढत पाण्यात सोडणे सोपे होते. धुतले तरी जाऊ नयेत, उन्हात विटू नयेत, घामाने उतरू नयेत असे हे रंग मुद्दाम घडवलेले होते. जे गुण धाग्यावर हवेत तेच सांडपाण्यात नकोसे होतात, कारण ते रंग ओढ्यातही टिकतात. काही रंगांचे प्रमाण पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमहून कमी असले तरी डोळ्यांना कळते. त्यांतल्या काहींच्या विघटनातून बेन्झिडीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये निघतात, म्हणूनच १९९० च्या दशकात भारतात बेन्झिडीनवर आधारलेल्या रंगांवर बंदी आली.

या प्रश्नाने काय वळण घ्यावे हे तमिळनाडूत तिरुप्पूरला दिसले. तेथल्या रंगकाम करणाऱ्या कारखान्यांचे पाणी नोय्यल नदीत जाऊन ओरत्तुपालयमच्या धरणात साठले, शेतीचे नुकसान झाले आणि २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने शेकडो कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. शेतीतल्या टाकाऊ मालाच्या कोळशावर भारतात जे गाजलेले काम झाले त्यातला मोठा भाग तिरुप्पूरच्या शेजारच्या कोइमतूरमध्ये झाला, यात नवल नाही. २००३ मध्ये तेथल्या संशोधकांनी 'बायोरिसोर्स टेक्नॉलॉजी' या नियतकालिकात सावरीच्या बोंडांची टरफले, नारळाच्या झाडाचा भुसा, साबुदाण्याच्या कारखान्यातला चोथा, मक्याची कणसे आणि केळीचा गाभा यांच्या कोळशाने रंग व धातू काढण्याचे निष्कर्ष मांडले. पुढच्या काळात देशभरच्या महाविद्यालयांत असे शेकडो प्रकल्प झाले. ते स्वाभाविक होते. वर्णमापी, हलवणारे यंत्र आणि भट्टी एवढ्यावर काम होते, आणि ही तीन साधने तालुक्याच्या महाविद्यालयातही असतात.

पण तिरुप्पूरचा प्रश्न नगरने जसाच्या तसा उचलला, तो मात्र आपला नव्हता. नगरातले हातमाग विसाव्या शतकात हळूहळू थांबत गेले. रंगकाम करणारे उरले ते थोडके. जिल्ह्यातल्या पाण्याला रंग आहे, पण तो मिथिलीन ब्ल्यूचा नाही.

तांबडे पाणी

तो रंग मळीचा आहे. साखरेच्या कारखान्यांना जोडून आसवन्या निघाल्या. मळीत पाणी आणि यीस्ट घालून ती आंबवायची आणि मद्यार्क उडवून घ्यायचा. मागे उरते त्याला कारखान्यात स्पेंटवॉश म्हणतात. बातम्यांत 'मळीमिश्रित पाणी' असा शब्द येतो तो त्यालाच. हिशोब साधा आहे. एक टन उसामागे चाळीस-पंचेचाळीस किलो मळी, तिच्यापासून सुमारे दहा लिटर मद्यार्क आणि एका लिटर मद्यार्कामागे दहा ते बारा लिटर स्पेंटवॉश. म्हणजे टनाला शंभर लिटरच्या पुढे. त्याचा रंग गडद तपकिरी, वास जळक्या गुळाचा, आणि पाण्यातला प्राणवायू खाण्याची त्याची ताकद अशी की, रासायनिक प्राणवायूची मागणी लिटरला लाखभर मिलिग्रॅमपर्यंत जाते. घरगुती सांडपाण्यात ती काही शे मिलिग्रॅम असते. त्यातला रंग मेलॅनॉइडिनचा. गुळव्याने ज्याला भिऊन जाळ बेतात ठेवला, तेच हे द्रव्य.

महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतंत्र कायदा केंद्राच्या आधी, १९६९ मध्ये केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापले. केंद्राचा कायदा १९७४ चा. पण पुष्कळ काळ स्पेंटवॉशची वाट मातीच्या तळ्यांत, ओढ्यात किंवा शेतात अशीच होती. साखरपट्ट्यातल्या कुणाही जुन्या शेतकऱ्याला विचारा, विहिरीचे पाणी चहासारखे झाल्याची एखादी तरी आठवण त्याच्याकडे निघतेच. मे महिन्यात विहीर तळाला जाते आणि वर येते ते तांबडे, तेलकट तवंगाचे पाणी. भांडी घासून निघत नाहीत, भात शिजवला तर पिवळा होतो. कारखाना बंद करा असे म्हणायची सोय नसते, कारण ऊस त्याच कारखान्याला जातो आणि तक्रार करणाराच त्याचा सभासद असतो. सहकाराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या अवघडलेपणाकडे पुरेसे पाहिलेले नाही, असे माझे मत आहे.

२००३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांसाठी सनद केली आणि आसवन्यांनी काहीही बाहेर सोडू नये, असे धोरण पुढे आले. मग स्पेंटवॉशपासून आधी बायोगॅस काढणे, उरलेला प्रेसमडवर शिंपडून खत करणे, किंवा आटवून घट्ट करून बॉयलरमध्ये जाळणे, असे उपाय सुरू झाले. बायोगॅसच्या टाकीतून प्राणवायूची मागणी बरीच घटते, मात्र रंग जात नाही, उलट कधी कधी अधिक गडद होतो. मेलॅनॉइडिन जंतूंनाही पचत नाही.

मग आपला कोळसा काय करतो? एका वर्षी दोन विद्यार्थिनींनी हट्टच धरला की आम्ही मिथिलीन ब्ल्यू घेणार नाही, खरे पाणी घेणार. एकीच्या वडिलांच्या शेताशेजारच्या ओढ्याचे पाणी त्यांनी पाच लिटरच्या कॅनमध्ये आणले. धसकटांचा जो कोळसा निळ्या द्रावणात उत्तम ठरला होता, तोच त्यांनी त्यात टाकला. दुपारी गाळून पाहिले तर पाणी होते तसेच, फार तर चहाचा कॉफीऐवजी चहा झाला असे म्हणता येईल. दुप्पट टाकला, चौपट टाकला. मुली रडवेल्या झाल्या. मी त्या वेळी त्यांना सांगितले की, नमुना खराब असेल, निळा रंग घेऊन प्रकल्प पुरा करा. तो सल्ला चुकीचा होता. त्या दिवशी प्रयोगशाळेत लागलेला निष्कर्ष हाच त्या वर्षीचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष होता आणि तो अहवालात गेला नाही.

त्याचे कारण सांगता येते. मिथिलीन ब्ल्यूचा रेणू लहान आणि धनभारित आहे, कोळशाच्या बारीक भोकांत तो सहज शिरतो. मेलॅनॉइडिनचे रेणू फार मोठे आणि बहुधा ऋणभारित. ते दारातच अडतात. त्यांच्यासाठी मोठ्या भोकांचा कोळसा लागतो आणि पाण्याची आम्लताही बदलावी लागते. दुसरे कारण निव्वळ अंकगणिताचे आहे. समजा, एखाद्या रंगकामाच्या ठिकाणी दिवसाला एक लाख लिटर पाणी निघते आणि त्यात लिटरला पन्नास मिलिग्रॅम रंग आहे. म्हणजे पाच किलो रंग. ग्रॅमला शंभर मिलिग्रॅम रंग धरणारा कोळसा असेल तर तो पन्नास किलो लागेल. वाळलेल्या काडीकचऱ्याचा पाव हिस्सा कोळसा हाती येतो असे धरले तर दोनशे किलो धसकटे. हे जमण्यासारखे आहे, चार बैलगाड्यांचीही गरज नाही. आता स्पेंटवॉश घ्या. लिटरला शंभर ग्रॅमपर्यंत सेंद्रिय द्रव्य. कोळशाने ग्रॅमला दोनशे मिलिग्रॅम धरले, तरी एका लिटर पाण्याला अर्धा किलो कोळसा, आणि एका लिटर मद्यार्कामागे सहा किलो कोळसा! मद्यार्कापेक्षा कोळसा महाग पडेल. म्हणून कोळशाचे काम येथे शेवटचे. बाकीचे सारे उपाय झाल्यावर उरलेला फिका रंग काढण्यापुरते.

टाकाऊ कोणाला म्हणायचे

दुसरा प्रश्न राहिला. अहवालांत 'टाकाऊ' म्हणून जी नावे येतात, त्यांची शेतावर चौकशी केली तर वेगळेच कळते. ज्वारीचा कडबा म्हणजे वैरण. दुष्काळात त्याला ज्वारीहून जास्त भाव येतो. तुरकाठ्या आणि पऱ्हाट्या चुलीला, झोपडीच्या कुडाला. धसकटे वेचून नेणाऱ्या बायका त्यावर पावसाळ्याचे सरपण साठवीत. चिपाडाचे तर विचारूच नका. एक टन उसातून ओलसर तीनशे किलोच्या जवळपास चिपाड निघते आणि ते कारखान्याच्या बॉयलरमध्ये जाते. त्यावर वाफ, वाफेवर यंत्रे, आणि आता सहवीजनिर्मितीत वीज. पूर्वी गुऱ्हाळाचे चुलवणही चिपाडावरच पेटे. म्हणजे चिपाड स्वस्त आहे असे गृहीत धरून बांधलेला हिशोब पहिल्याच पायरीवर घसरतो. शिवाय झिंक क्लोराईड वापरून कोळसा केला की तो धुतलेले पाणी कुठे सोडायचे, आणि रंग पिऊन भरलेला कोळसा कुठे टाकायचा, हे दोन प्रश्न अहवालात येत नाहीत. रंगाची जागा फक्त बदललेली असते, हे वर सांगितलेच आहे.

खरोखर टाकले जाते असे जिल्ह्यात काय आहे? उसाचे पाचट, जे अजूनही पुष्कळ ठिकाणी फडातच पेटवून देतात. डाळिंबाच्या रसाच्या उद्योगातली साल. कांद्याच्या चाळीतली टरफले. आणि बॉयलरची राख. या राखेविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. चिपाड पुरते जळत नाही, काही कोळसा तसाच धुराड्यातून उडतो किंवा धूळ पकडणाऱ्या यंत्रात साठतो. तो आधीच तापलेला, वाफेतून गेलेला, अर्धवट सक्रिय झालेला असतो. २००० च्या सुमारास रुरकीच्या संशोधकांनी चिपाडाच्या अशा उडत्या राखेने मिथिलीन ब्ल्यू आणि ऱ्होडामीन बी हे रंग पाण्यातून काढून दाखवले. तिच्यासाठी वेगळी भट्टी पेटवावी लागत नाही, वेगळे आम्लही लागत नाही. वापरून झालेली राख वाळवून पुन्हा बॉयलरमध्ये घालता येते. तेथे रंगाची जागा बदलत नाही, तो जळून जातो.

साखरपट्ट्यात राहणाऱ्यांना ही राख ओळखीची आहे. हंगाम सुरू झाला की पहाटे अंगणात, तुळशीच्या पानांवर, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर तिचे काळे कण पडलेले असतात. बायका कपडे झटकतात आणि पुन्हा धुतात. त्या दोन मुलींपैकी एकीने नंतर मला सांगितले की, ओढ्याच्या पाण्याचा तो कॅन तिने फेकला नव्हता. घराच्या गच्चीवर ठेवला होता, आणि त्यात हंगामभर ही काजळी पडत होती. पाणी फिके झाले का, असे मी विचारले. तिने ते मोजले नव्हते. कॅन अजून तेथेच आहे असे ती म्हणाली, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत वर्णमापी घेऊन तिच्या गावी जायचे आमचे ठरले आहे.